हरकत क्रमांक सात

मी शब्द टिपते. तेवढंच माझं काम.
बँगोरच्या न्यायालयात, खिडकीकडे पाठ करून,
एकोणीस वर्षं.
कोणाचं खरं, हे माझ्या यंत्राला कळत नाही;
कोण बोललं, एवढंच त्याला लागतं.

त्या मंगळवारी अकरा हजार चारशे बारा माणसं हजर होती,
म्हणजे कागदावर.
बाकांवर नऊ. त्यांतले सहा वकील,
एक ऊब शोधत आलेला म्हातारा,
एक शेजारचा पोरगा, गाडी चालवायला आलेला,
आणि ओडील मिशो, वय एकाहत्तर.

बाकीच्यांना पोस्टकार्डं गेली होती:
बाहेर पडायचं तर अमुक तारखेच्या आत कळवा,
न कळवलंत तर तुम्ही आहातच.
माझ्या आईलाही आलं होतं.
तिनं ते मांजराच्या खाण्याच्या कुपनांबरोबर फेकून दिलं
आणि अशा रीतीनं होकार दिला.

ओडीलनं सोबत काचेची बरणी आणली होती,
विहिरीच्या पाण्यानं भरलेली.
दारावरच्या शिपायानं ती ठेवून घेतली:
द्रव पदार्थ आत नेता येत नाहीत.
तिला एक बिल्ला मिळाला. बत्तीस नंबर.

पाच मिनिटं आहेत, न्यायाधीश म्हणाले, सौजन्यानं.
पण बाई, तुम्ही बाहेर का नाही पडलात?
वेगळा दावा लावता आला असता.

"बाहेर पडले असते तर आज इथं बोलू दिलं असतंत?"
"नाही."
"मग आत राहून भांडते.
घरातलं भांडण घरात राहूनच करावं लागतं."

दोनशे बारा डॉलर, नळाला लावायचं एक गाळणं,
याबद्दल माझं काही नाही, ती म्हणाली.
थोडं आहे. पण ते राहू दे.
कागदाच्या गिरणीचा गाळ सासऱ्यांनी फुकट घेतला,
खत म्हणून कुरणावर पसरला,
वर आभाराचं पत्र धाडलं गिरणीला.
ते पत्र गिरणीनं इथं पुरावा म्हणून लावलंय.
तेही राहू दे.

माझं भांडण पान एकतीसवरच्या एका शब्दाशी.
ज्ञात आणि अज्ञात सर्व दावे आम्ही सोडून देत आहोत.
ज्ञात, ठीक. ते मोजलेत, पुरलेतही काही.
पण अज्ञात?
माझ्या नातीच्या गळ्यात अजून न उठलेली गाठ,
ती मी कशी विकू?
ती माझी नाही.
तिचीही नाही अजून.

(विराम.)

असं टिपावं लागतं मला.
किती लांब होता, त्याला कळ नाही.

मग वर्गाचे वकील उठले, म्हणजे तिचेच वकील,
म्हणाले, अकरा हजारांत हरकती फक्त सात,
यावरूनच लोकांचं समाधान दिसतं.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
इथं तो अकरा हजार मिटलेल्या तोंडांतून बोलत होता
आणि त्यातला एक तृतीयांश वकिलांकडे जात होता.

हरकत विचारात घेतली. फेटाळली.
तडजोड न्याय्य, वाजवी आणि पुरेशी आहे.
अपिलाला तीस दिवस.

बाहेर तिनं बिल्ला देऊन बरणी परत घेतली,
दिव्याशी धरून पाहिली.
इतकं नितळ पाणी.
मग माझ्याकडे वळली: अपिलासाठी आजची नोंद हवी,
पानाला किती?
मी दर सांगितला. अठ्ठावीस पानं.
तिनं ओठ हलवत हिशोब केला.
"म्हणजे माझंच बोलणं मला विकत," म्हणाली,
आणि पर्समधून चेकबुक काढलं.

संध्याकाळी आईला फोन लावला.
पलीकडे नळ सोडलेला होता,
ती चहाचं भांडं भरत असावी.
पोस्टकार्डाबद्दल विचारायचं होतं.
तारीख उलटून तीन आठवडे झाले होते.
नळ वाहत होता.

"आहेस ना गं तिकडे?" ती म्हणाली.
"बोल की काहीतरी."